जुन्या फोनवाल्यांची लाईन

माझा फोन त्याने दोन बोटांत धरला होता. मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर नेतात तसा. मग हात वर केला, गेटवरच्या सगळ्यांना दिसेल असा, आणि म्हणाला, "हा फोन आहे की चटणीचा डबा?"

सगळे हसले. सुपरवायझर हसला, प्रेसवरची पोरं हसली, ज्यांना त्या सकाळी स्वतःच्याच फोनची धाकधूक होती तेही हसले. मीसुद्धा हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

फोनचं मागचं झाकण सैल झालं होतं. ते पडू नये म्हणून मी त्याला एक रबरी रिंग घातली होती. आमच्याच कंपनीतली, तपासणीत नापास झालेली, भंगारात जाणारी. त्याने ती रिंग बोटाने ताणली आणि सोडली. "कंपनीचा माल घरी नेतेस काय गं?" पुन्हा हसणं. मी म्हणाले, भंगारातली आहे साहेब. त्याला ते ऐकायचंच नव्हतं. त्याने फोन माझ्या तळहातावर टाकला, खिशातून रुमाल काढला आणि बोटं पुसली.

शिवी दिली असती तर मी विसरले असते. शिव्या मी जन्मभर ऐकल्या आहेत, त्यांना धार राहिलेली नाही. पण त्याने बोटं पुसली. एकेक बोट, सावकाश.

तो एचआरचा साहेब. माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. दर सोमवारी पुण्याहून गाडीने यायचा, शुक्रवारी परत जायचा, आणि मधले दिवस आम्हाला सुधारायचा. पहिल्या दिवसापासून तो मला अगं-तुगं करायचा आणि मी त्याला साहेब म्हणायचे. का म्हणायचे, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

नागापूरच्या एमआयडीसीत आमची कंपनी. मोटारींना लागणाऱ्या रबरी रिंगा बनतात. प्रेसमधून रिंग निघते तेव्हा तिच्या कडेला रबराचा पातळ पापुद्रा राहतो. तो बारक्या कात्रीने कापून काढायचा, रिंगेला धक्का न लावता. याला ट्रिमिंग म्हणतात आणि ते सगळ्या बायका करतात. मी ट्रिमिंगला, नवरा प्रेसवर. दोघंही ठेकेदाराकडून. आम्ही पाथर्डीकडचे. इथे येण्याआधी आम्ही ऊस तोडायचो.

ते एकदा सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे एक जोडपं. नवरा तोडणार, बायको मोळी बांधून डोक्यावर वाहणार, दोघांचा मिळून एक हिशोब, एक नाव, तेही नवऱ्याचं. एकटा माणूस असला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. मुकादम गावात यायचा तेव्हा विचारायचा, तुमच्या वस्तीवर किती कोयते हायेत. माझ्या आईला जन्मभर कुणी नावाने मोजलं नाही. मला सुद्धा नाही. नागापूरला आले तेव्हा कंपनीने माझं वेगळं कार्ड काढलं. त्यावर माझा एकटीचा फोटो होता, माझं नाव होतं. ते कार्ड गळ्यात घालून मी घरी आले तेव्हा मुलगी म्हणाली, आई, तू मास्तरीण दिसतेस. मुलगी आता नववीत आहे. ती एकाच शाळेत टिकली, कारण आम्ही दिवाळीनंतर बैलगाडी भरून निघून गेलो नाही. माझी शाळा दर दिवाळीला सुटायची आणि एका वर्षी सुटली ती सुटलीच.

तर माझ्यासाठी ती नोकरी म्हणजे एवढं होतं. ती गेली की मुकादम. मुकादम आला की मुलीची शाळा गेली.

आणि मग ते ॲप आलं.

कार्ड बंद. आता प्रत्येकाने आपापल्या फोनमध्ये कंपनीचं ॲप घ्यायचं, गेटच्या आत आल्यावर ते उघडायचं, फोन तोंडासमोर धरायचा. फोन चेहरा ओळखणार, हजेरी लागणार. साहेबाने आम्हा सगळ्यांना शेडमध्ये उभं करून हे समजावलं. मोठ्या उत्साहात होता. म्हणाला, आता कुणी कुणाची खोटी हजेरी लावू शकणार नाही. आमच्यातलं कुणी खोटी हजेरी लावत होतं असं मला तरी माहीत नाही. पण आधी चोर ठरवायचं आणि मग कुलूप आणायचं, ही त्यांची पद्धत.

मी घरी जाऊन मुलीला ॲप घ्यायला लावलं. स्क्रीनवर अक्षरं आली: तुमचे डिव्हाइस या ॲपशी सुसंगत नाही. मुलीने पुन्हा दाबलं, फोन बंद करून चालू केला, पुन्हा तेच. मी विचारलं, म्हणजे काय. ती म्हणाली, म्हणजे आपला फोन जुना आहे, हे ॲप त्यात घेता येत नाही. मी म्हणाले, पण यात तुझ्या शाळेचे मेसेज येतात, मामाचा व्हिडिओ कॉल येतो, पैसे जातात येतात. सगळं तर चालतं. ती म्हणाली, ते चालतं गं, हे नाही चालत.

तोच फोन घेऊन मी दुसऱ्या दिवशी साहेबाकडे गेले होते. त्याने काय केलं ते सांगितलं आहे.

डबा-डबा करून झाल्यावर त्याने रस्ता काढला. ज्यांच्या फोनमध्ये ॲप चालत नाही त्यांनी घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनवर नोंदणी करावी. नवऱ्याचा फोन माझ्या फोनपेक्षा थोडा नवा. त्याच्यात ॲप आलं. मला हायसं वाटलं. आम्ही दोघं मिळून नोंदणीच्या टेबलापाशी गेलो. सुपरवायझरने नवऱ्याचा फोन समोर धरला आणि म्हणाला, चेहरा त्या गोलात आणा.

आम्ही दोघांनी आणला.

कुणी सांगितलं नव्हतं. ठरवलंही नव्हतं. एकच फोन, एकच गोल, आम्ही दोघं. नवरा थोडा वाकला, मी टाचा उचलल्या, गालाला गाल लागला. इतकी वर्षं आम्ही दोघं मिळून एक होतो. एका कोयत्यात दोन माणसं असतात, तर एका गोलात दोन चेहरे का नसावेत? आम्हाला त्यात काही वावगं वाटलंच नाही. फोन लाल झाला, टुंग टुंग करू लागला. आम्ही आणखी जवळ सरकलो. गोलात नीट बसत नसू म्हणून.

साहेब केबिनमधून बाहेर आला. बघितलं आणि त्याला हसू आवरेना. पोट धरून हसला तो. "हलू नका, हलू नका," म्हणाला, आणि आपल्या मोठ्या फोनवर आमचा फोटो काढला. मला वाटलं हाही नोंदणीचाच भाग आहे. मी पदर सारखा केला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो फोटो कंपनीच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, एका तिकिटात दोघं. आणि त्याखाली हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणारे पिवळे चेहरे, ओळीने, एकाखाली एक, ज्यांच्याबरोबर मी डबा खाते त्यांचेही. नवऱ्याने आपला फोन खिशात घातला आणि त्या दिवशी डबा न खाता प्रेसवर परत गेला. मी खाल्ला. सगळा खाल्ला. भाकरी गिळताना मी एकेकीकडे बघत होते आणि त्या आपापल्या फोनमध्ये तोंड घालत होत्या.

नोंदणी शेवटी नवऱ्याची एकट्याची झाली. एका फोनवर एकच माणूस, असा नियम निघाला. मग दुसऱ्या माणसाच्या फोनवर नोंदणी करा असं सांगितलं कशाला? हे विचारायची माझी तेव्हा हिंमत नव्हती. साहेबालाच आपलं ॲप ठाऊक नव्हतं. पण अडाणी मी.

दुसऱ्या दिवसापासून गेटवर दोन लाईनी झाल्या. एक नेहमीची. तिच्यात फोन तोंडासमोर धरायचा, आत जायचं. दुसरी बाजूला, स्कूटर लावतात त्या पत्र्याच्या पुढे, उन्हात. साहेबाने स्वतः हात करून दाखवली. "जुने फोनवाले इकडे."

जुने फोनवाले. हे आमचं नाव पडलं. सकाळी बाकीचे सगळे आत गेले, भोंगा वाजला की वॉचमन मामा आत निरोप द्यायचे. मग सुपरवायझर त्याच्या सवडीने यायचा, एकेकीला बघून आत सोडायचा. तोवर आम्हाला उशीर झालेला असायचा, आणि तो उशीर आमच्या नावावर लागायचा. रोज वेळेवर येऊन रोज उशिरा. काही उशीर साठले की अर्धा दिवस गेला. मी वेळेआधी येऊन बघितलं. काही फरक पडला नाही, उन्हात जास्त वेळ उभी राहिले एवढंच.

लाईनीत बहुतेक ट्रिमिंगच्या बायका. पुरुष थोडे, तेही वयस्क. आमच्या शेजारून नेहमीची लाईन आत सरकायची, त्यात माझा नवरा असायचा. तो माझ्याकडे बघायचा नाही. मी त्याला दोष देत नाही. आमच्या गावात एक विहीर होती आणि तिच्यापासून काही माणसांना लांब उभं करायचे, असं आजी सांगायची. कुणीतरी वरून ओतेपर्यंत घागर घेऊन उभं राहायचं. तेव्हा मी आजीला विचारलं होतं, ती माणसं उभी का राहायची? आजी म्हणाली होती, तहान लागायची म्हनून. आता गेटबाहेर उभं राहून मला ते कळलं. आमची आजी पाणी ओतणाऱ्यांतली होती, हेही कळलं, आणि ते जास्त लागलं.

नवा फोन घे की, असं सांगणारे खूप भेटले. लोकांना वाटतं हा फार हुशारीचा सल्ला आहे. मी विचारते, कात्री कंपनी देते, हातमोजे कंपनी देते, ज्या स्टुलावर बसते ते कंपनीचं. मग हजेरीचं यंत्र माझ्या घरून का? आणि मुक्ताबाईंनी घेतला होता ना. मुक्ताबाई आमच्यात सगळ्यात मोठ्या, पंचावन्नच्या पुढच्या, कात्रीला सगळ्यात चपळ. त्यांच्या मुलाने माळीवाड्याजवळच्या दुकानातून त्यांना कोरा फोन आणला. खोका त्यांनी कंपनीत येऊन फोडला, पेढे वाटल्यासारखा सगळ्यांना दाखवला. ॲप घ्यायला गेल्या आणि तीच अक्षरं आली. सुसंगत नाही. नवा होता, पण स्वस्तातला होता. हलका. साहेब म्हणाला, "असले फालतू मॉडेल घ्यायचेच कशाला?" मुक्ताबाईंनी फोन परत खोक्यात घातला, खोक्याची झाकणं नीट मिटली आणि लाईनीत माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

कुठलं मॉडेल घ्यायचं, हे त्याने सांगितलं नाही. त्यालाच माहीत नव्हतं. फक्त जे आमच्याकडे आहे ते नाही, एवढं पक्कं माहीत होतं.

मग ठेकेदाराचा निरोप आला. महिनाअखेरपर्यंत ज्यांच्या फोनवर ॲप दिसणार नाही त्यांच्या जागी दुसऱ्या बायका येतील. त्याच संध्याकाळी नवऱ्याने भाकरी मोडता मोडता विषय काढला. मुकादमाचा फोन आला होता. फोटो गावापर्यंत पोचला होता. मुकादम म्हणाला म्हणे, तिथं एका फोनात दोघं बसत न्हाई, माझ्याकडं एका कोयत्यात बसता.

"रोजची ही नाचक्की," नवरा म्हणाला. "त्यापरीस कोयता बरा. तिथं कुनी फोटू तर काढत न्हाई."

मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. तिचा वाचण्याचा आवाज थांबला. मला तेव्हा बोलायला काही सापडलं नव्हतं.

सापडलं ते त्यानंतरच्या मंगळवारी.

ॲप नवं झालं होतं. म्हणजे त्यात काहीतरी बदल केला होता, प्रत्येकाच्या फोनवर ते पुन्हा घ्यायचं होतं. प्रेसच्या पोरांचं काम झालं. आम्ही पत्र्यापुढे आपल्या जागी उभ्या. साहेबाची गाडी आली. तो उतरला, आपला मोठा फोन काढला, तोंडासमोर धरला. ॲप उघडलं आणि मिटलं. त्याने परत उघडलं. परत मिटलं. त्याने फोन पुसला. ॲप तरी मिटलं. पाठोपाठ अकाउंटची मॅडम आली, मग स्टोअरचा साहेब. तिघांचे फोन एकाच जातीचे, परदेशी, महागाचे. तिघांचे बंद. प्रेसवरच्या पोरांचे साधेसुधे फोन चालत होते आणि या तिघांचे चालत नव्हते.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. मला बघायचं होतं की त्याला कसं वाटतं. खरं सांगते, मला वाटलं आता त्याला लाज वाटेल. आपल्याला वाटते तशी.

त्याने पुण्याला फोन लावला. आम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलला. "ॲप एकदम बकवास आहे. माझ्या फोनला सपोर्टच करत नाही." मग फोन खिशात घातला आणि वॉचमनकडे वळला. "मामा, आमच्या तिघांची हजेरी लिहून टाका."

मामांनी पेन काढलं आणि लिहिली. कँटीनचा माणूस चहाचा ट्रे घेऊन आत निघाला होता, केबिनकडे. साहेब त्याच्या मागे चालू लागला.

इतकं सोपं होतं ते. पेन होतं. कागद होता. मामांना लिहिता येत होतं. आमच्यापासून दहा पावलांवर हे सगळं होतं आणि आम्ही इतके दिवस उन्हात उभ्या होतो.

त्याचा फोन चालला नाही तेव्हा ॲप बकवास. आमचा चालला नाही तेव्हा आम्ही बकवास.

हे माझ्या डोक्यात आलं आणि ते डोक्यात थांबलं नाही. तोंडातून बाहेर जे आलं ते मी ठरवलेलं नव्हतं.

"साहेब, ज्यांचा फोन चालत न्हाई त्यांची लाईन हिकडं हाय."

तो थांबला. मागे वळला. त्याला वाटलं असेल आपण नीट ऐकलं नाही. "काय म्हणालीस?"

मी पुन्हा म्हणाले. तेच शब्द, तितक्याच आवाजात. मुक्ताबाई एक पाऊल मागे सरकल्या. मला वाटलं घाबरल्या. पण त्यांनी आपल्या पुढे जागा केली होती, एका माणसाची. म्हणजे तो येऊन उभा राहिला तर.

कुणीतरी फस्सकन हसलं. या वेळी हसणं माझ्यावर नव्हतं.

साहेबाच्या मानेवर लाली चढली. "माझी गोष्ट वेगळी आहे," तो म्हणाला. "हा ॲपचा प्रॉब्लेम आहे."

"मंग आमचा कशाचा व्हता?"

शिकलेला, पुण्याचा, चांगल्या फोनचा माणूस. उत्तर नसलं की हे लोक जे करतात तेच त्याने केलं. सुपरवायझरला म्हणाला, हिला आजपासून आत घेऊ नका. आणि केबिनमध्ये गेला. चहा निवत असेल.

मी मामांच्या टेबलापाशी गेले. "मामा, माझी बी हजेरी लिवा."

मामांचं पेन हातातच राहिलं. भला माणूस, माझ्या मुलीची चौकशी करणारा. ते माझ्याकडे बघेनात. म्हणाले, "पोरी, मला हुकूम न्हाई."

"त्या तिघांचा व्हता?"

मामांनी पेनाला टोपण लावलं. मुक्ताबाई माझ्या शेजारी आल्या आणि म्हणाल्या, "माझी बी लिवा." मग आणखी एक आली, तिच्यामागे आणखी. सगळ्या नाही आल्या. दोघी लाईनीतच राहिल्या, खाली मान घालून, आणि सुपरवायझर आला तेव्हा आत गेल्या. त्यांना मी नावं ठेवणार नाही, पण त्यांचं कौतुकही करणार नाही.

आम्ही बाकीच्या गेटसमोरच बसलो. घोषणा नाही, झेंडा नाही. नुसत्या बसलो. आत प्रेस चालू होते, रिंगा पडत होत्या आणि त्यांच्या कडेचे पापुद्रे तसेच होते. रिंगा क्रेटमध्ये साठत गेल्या. माल न्यायला आलेला टेम्पो आमच्या बाजूलाच उभा होता, ड्रायव्हर खाली उतरून आम्हाला विचारत होता, कितीक वेळ. मी म्हणाले, आत विचारा.

नवरा मधल्या सुट्टीत गेटच्या जाळीपाशी आला. घामाने चिंब, अंगाला रबराचा जळका वास. जाळीतून म्हणाला, "माफी माग आन मोकळी हो. पोरीचा इचार कर." मी म्हणाले, तिचाच करतेय. मग भोंगा वाजला आणि तो गेला.

दुपार कलल्यावर सुपरवायझर कागद घेऊन आला आणि आमची नावं उभ्या-उभ्या लिहून घेतली. पूर्ण दिवस. माझंही नाव. पत्र्यापुढची लाईन त्या दिवसापासून बंद झाली, आमची हजेरी मामा गेटवरच लिहू लागले. काही जणींना वाटलं आपण जिंकलो. मला तसं वाटलं नाही. त्यांना आमची चूक नव्हती हे पटलं म्हणून त्यांनी लिहिलं नाही. टेम्पो थांबला म्हणून लिहिलं.

रात्री नवरा पुन्हा मुकादमावर आला. त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. म्हणाला, हे लोक आता आपल्याला टिकू देनार न्हाईत, आधीच होकार देऊन ठेवू.

या वेळी मला बोलायला होतं. "तुमाला जायचं तर जा, अर्धा कोयता म्हनून. मी न्हाई येनार."

लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्याला असं कधी बोलले नव्हते. आतल्या खोलीत मुलीने पुस्तकाचं पान उलटलं आणि पुन्हा मोठ्याने वाचायला सुरुवात केली. नवरा मुकादमाला अजून काही म्हणालेला नाही. हो पण नाही, नाही पण नाही.

दोनच दिवसांत साहेब लोकांचे फोन चालू झाले. पुण्याहून ॲप दुरुस्त होऊन आलं. खास त्यांच्या फोनसाठी. मला हे कळलं तेव्हा मी कात्री खाली ठेवली. म्हणजे होतं तर. ॲप बदलता येत होतं. ज्यांनी ते बनवलं त्यांना ते आमच्या फोनसाठीही करता आलं असतं, नाहीतर सांगता तरी आलं असतं की का होत नाही. कुणी विचारलंच नव्हतं. तीन माणसांच्या फोनसाठी ॲप बदललं. आणि आमच्यासाठी काय? आमच्यासाठी आम्ही बदलायचं. फोन बदलायचा, नाही जमलं तर माणूस बदलायचा.

आता गेटवर नवी नोटीस लागली आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून हाताने हजेरी पूर्ण बंद. ज्याचा फोन चालणार नाही त्याला आत प्रवेश नाही. खाली त्याच साहेबाची सही. तो मला आता अगं-तुगं करत नाही. माझ्याशी बोलतच नाही. मीही त्याला साहेब म्हणत नाही. काम पडलं तर अहो म्हणते, परक्या कुणालाही म्हणते तसं. तेवढंसुद्धा त्याला झोंबतं, त्याच्या मानेवर कळतं.

आमचा तो फोटो मी पुसलेला नाही. नवरा म्हणाला, काढून टाक. मी ठेवला. आम्ही दोघं गालाला गाल लावून त्या गोलाकडे बघतोय, काहीतरी चांगलं होणार आहे असं समजून. आमच्या मागे केबिनची काच आहे. त्या काचेत, नीट बघितलं तर, तो दिसतो. फोन वर धरलेला, दात दिसताहेत. फोटो काढताना त्याला हे दिसलं नाही, आणि ग्रुपवर टाकतानाही नाही. दुसऱ्यावर हसणाऱ्याला स्वतःचं तोंड दिसत नाही. पण माझ्याकडे आहे ते. त्याच चटणीच्या डब्यात, रिंग लावलेल्या. या फोनमध्ये त्याचं ॲप बसलं नाही, त्याचं तोंड मात्र बसलं आहे.

मी नवा फोन घेणार नाही. उद्या कुणी फुकट दिला तरी हजेरीसाठी तो तोंडासमोर धरणार नाही. मुक्ताबाईंशी बोलणं झालं आहे, आणि त्या दोघींशीही, ज्या त्या दिवशी आत गेल्या होत्या. एक हो म्हणाली, एक रडली. नवरा काय करेल मला माहीत नाही.

पहिल्या तारखेला मी वेळेवर गेटवर जाणार आहे. फोन घरी ठेवून, जुनं कार्ड गळ्यात घालून. कार्डावर नाव आहे, कार्डावरचा चेहरा मानेवर आहे. गेटवर जो असेल त्याने बघायचं आणि लिहायचं. नाही लिहिलं तर टेम्पोसमोर बसायचं, आणि या वेळी पूर्ण दिवस लिहून दिला म्हणून उठायचं नाही.